एकदा अजून मारून बघ ना!

आमच्या घरातल्या गाडीचं इंजिन गेल्या वर्षी जुलैत मी घालवलं. घरात याला अजूनही ‘ती गाडीची भानगड’ म्हणतात आणि विषय निघाला की आई पटकन चहा टाकायला उठते. पण पाऊस पुन्हा तोंडावर आलाय, ‘वीकेंडला धबधब्याला जायचं का?’ असे मेसेज ग्रुपवर पडायला लागलेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं सांगूनच टाकावं. त्या भानगडीनं माझं एक मत पक्कं झालंय. गाडी चालवायला शिकताना आपण तिच्याबद्दल जवळजवळ काहीच शिकत नाही, आणि पावसाळ्यात हे अज्ञान सगळ्यात महाग पडतं.

तर झालं असं. आम्ही चौघी ठोसेघरहून साताऱ्याला परतत होतो. वाटेत एकीच्या आत्याच्या गावात जेवायचा आग्रह झाला, म्हणून मुख्य रस्ता सोडून आत गेलो. निघेपर्यंत वर कुठेतरी जोरात पाऊस झाला असणार, कारण येताना कोरडी असलेली ओढ्यावरची फरशी आता पाण्याखाली होती. पाणी फार नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटलं. समोरून एक उंच एसयूव्ही आरामात पलीकडे गेली. आम्ही म्हटलं, ती गेली म्हणजे आपणपण जाऊ. तिची उंची आणि आमच्या नऊ वर्षं जुन्या सेकंडहँड हॅचबॅकची उंची यात केवढा फरक आहे, हे चौघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मधोमध पोचलो आणि समोरून एक पिकअप न थांबता आत घुसला. त्यानं उडवलेली लाट आमच्या बॉनेटवरून काचेवर आली. इंजिन एक गचका देऊन बंद. वायपर मात्र चालूच होते, त्यामुळे दोन सेकंद मला कळलंच नाही की गाडी बंद पडलीये.

मागून आवाज आला, ‘‘एकदा अजून मारून बघ ना!’’

मारला सेल्फ. ‘कट्’ असा एकच आवाज आला आणि सगळं जागच्या जागी अडकलं. पुन्हा मारला. कट्. तिसऱ्यांदा थोडं घुरघुरलं आणि पुन्हा कट्. मग गावातली चार-पाच पोरं आली, त्यांनी ढकलत गाडी बाहेर काढली. कुणीतरी गावातल्या टू-व्हीलर मेकॅनिकला बोलावलं. त्यानं चारही प्लग काढले आणि मला सेल्फ मारायला सांगितला, तर प्लगच्या भोकांतून पिचकारीसारखं पाणी वर उडालं! त्यानं प्लग पुसले, फुंकले, परत बसवले. गाडी सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानं तीनशे रुपये घेतले आणि निघताना म्हणाला, ‘‘ताई, बारीक आवाज येतोय बघा. टक टक करतंय. मोठ्या गॅरेजला दाखवून घ्या.’’

मी फक्त ‘गाडी सुरू झाली’ एवढंच ऐकलं.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, ‘‘गाडीनं काही त्रास नाही ना दिला?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ दुसऱ्या दिवशी उठून गाडी धुतली, मॅट वाळत घातले, आणि रविवारी पुण्याला हॉस्टेलवर निघून गेले.

बारा दिवसांनी पप्पा आणि आई कराडला मावशीकडे निघाले होते. उंब्रजच्या अलीकडे हायवेवर इंजिनमधून धाडकन आवाज आला, खालून ऑइल सांडलं आणि गाडी मेली. मागून ट्रक होता. पप्पांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. दोघंही सुखरूप आहेत, हे आधीच सांगते. पण तो ट्रक माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गाडी टोचन करून गॅरेजला आणली. दुसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. मूठ जाईल एवढं भोक. मेकॅनिक काकांनी पप्पांना पहिला प्रश्न विचारला, ‘‘गाडी पाण्यात गेली होती का?’’ पप्पा ठामपणे म्हणाले, ‘‘नाही.’’ कारण त्यांना तसंच सांगितलं होतं. मग काका दोन दिवस दुसरी कारणं शोधत बसले. ऑइल कमी होतं का? ऑइल पंप गेला का? बेअरिंग? शेवटी हेड उघडलं तेव्हा त्यांना त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, अगदी वरच्या कडेला, कार्बनची काळी रेघ बाकीच्या तिघांपेक्षा रुंद दिसली. म्हणजे रॉड तुटायच्या आधी बरेच दिवस तो पिस्टन पूर्ण वरपर्यंत पोचतच नव्हता. रॉड वाकून थोडा आखूड झाला होता. आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी वाळलेला गाळ होता. काकांनी तो बोटावर घेऊन पप्पांना दाखवला. मी शनिवारी घरी आले होते, गॅरेजमध्ये त्यांच्या शेजारीच उभी होते.

त्यानंतरचं बोलणं इथे लिहीत नाही.

बिल झालं चौसष्ट हजार. विम्याकडे विचारलं तर उत्तर आलं की नुसती पॉलिसी असून उपयोग नाही, इंजिनसाठीचं वेगळं अ‍ॅड-ऑन हवं होतं. हे नीट समजून घ्या, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हा गैरसमज आहे. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुरानं झालेलं नुकसान साधारणपणे येतं, पण पाणी गेलेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन गेलं, तर कंपन्या त्याला ‘मागाहून ओढवलेलं नुकसान’ म्हणतात आणि इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन नसेल तर हात वर करतात. ‘झिरो डेप’ घेतलंय म्हणजे इंजिनपण त्यात आलं, असंही नसतं. पप्पांनी रिन्यूअलच्या वेळी काही रुपये वाचवायला ते अ‍ॅड-ऑन काढून टाकलं होतं. पण या बाबतीत त्यांना बोलायचा अधिकार मला नाही.

आता ‘कट्’ या आवाजाकडे येऊ. तो नेमका कशाचा होता, हे मला इंजिन गेल्यावर कळलं, आणि कळल्यावर स्वतःचा राग आला. कारण हे दहावीच्या विज्ञानाच्या पलीकडचं नाही. इंजिन हवा ओढतं, पिस्टन ती दाबतो, मग ठिणगी पडते. आमच्या गाडीचं इंजिन १२०० सीसीचं, चार सिलिंडरचं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये ३०० सीसी. दाबण्याचं प्रमाण साधारण १०:१ धरलं, तर पिस्टन वर गेल्यावर उरलेली जागा जेमतेम ३३ मिलिलिटर. अर्ध्या कटिंग चहापेक्षाही कमी! हवा तेवढ्यात मावते, कारण हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. अर्धा कटिंग पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला वाटच नसते. खालून क्रँक ढकलतोय, वरून पाणी हटत नाही, आणि मध्ये असतो तो बिचारा रॉड. तो वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. डिझेल गाडीत दाबण्याचं प्रमाण आणखी जास्त, म्हणजे उरलेली जागा आणखी कमी, म्हणजे पाणीही आणखी कमी पुरतं.

आमचा रॉड नेमका कधी वाकला? लाट आली त्या क्षणी, की मी तीनदा सेल्फ मारला तेव्हा? आता ते कुणीच सांगू शकत नाही. चालत्या इंजिनात पाणी गेलं तर नुकसान तिथेच होऊ शकतं. पण तिथे थांबले असते तर निदान आणखी भर पडली नसती, आणि जे झालं होतं ते त्याच आठवड्यात कळलं असतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की ‘एकदा अजून मारून बघ’ हे पावसाळ्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. आणि ते आपल्या तोंडी इतकं बसलंय! मोबाइल हँग झाला, रिस्टार्ट कर. वायफाय गेलं, राउटर बंद करून चालू कर. आपली पिढी बटण परत दाबून प्रश्न सोडवण्यात वाढलीये. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला मात्र ही सवय मारून टाकते.

मग करायचं काय? आधी माणसं. वाहतं पाणी असेल आणि चढत असेल तर गाडीचा विचार सोडा आणि उतरा. फूटभर वाहतं पाणी छोटी कार जागेवरून हलवू शकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. ‘पाऊस थांबेल, काचा लावून बसू’ हा विचार त्यांनीही केला असेल. तेव्हा इंजिन वगैरे नंतर.

पाणी साचलेलं आहे, धोका नाही, गाडी फक्त बंद पडलीये, अशी परिस्थिती असेल तर चावी बंद, गिअर न्यूट्रल, आणि ढकलून कोरड्या जागी. मग बॉनेट उघडा. घाबरू नका, बॉनेट उघडायला डिग्री लागत नाही. (मी उघडायला गेले तेव्हा लिव्हर कुठे आहे हे शोधायलाच मला पाच मिनिटं लागली, पण ते असो.) आत एक मोठा काळा प्लॅस्टिकचा डबा दिसतो, त्यातून जाड पाइप इंजिनकडे जातो. तो एअर फिल्टरचा डबा. बऱ्याच गाड्यांत तो नुसत्या क्लिपांवर असतो, काहींत स्क्रू असतात. उघडा आणि फिल्टरला हात लावा.

सगळा निकाल इथे लागतो. फिल्टर ओला आहे, डब्यात पाणी आहे, तर इंजिननं पाणी ओढलंय असं धरून चाला. सेल्फ नाही म्हणजे नाही. धक्का मारून सुरू करणं तर त्याहून नाही, कारण गिअरमध्ये धक्का मारणं म्हणजे तोच पिस्टन चाकांच्या जोरावर वर ढकलणं. टोचन करून गॅरेजला न्या. तिथे प्लग काढून पाणी बाहेर काढतील, आमच्या गावातल्या मेकॅनिकनं केलं ते काम चुकीचं नव्हतंच. चूक पुढे झाली. त्यानंतर ऑइल बघायला हवं होतं आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला हवं होतं. त्याचं एक साधं मीटर असतं, प्लगच्या जागी लावतात. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी आला की रॉडवर संशय घ्यायचा. आमचा दुसरा नंबर त्याच दिवशी पकडला गेला असता. ऑइलची पट्टी काढून बघणं तर घरीही जमतं. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी चालवायची नाही. झाकणाच्या आत थोडासा पांढुरका थर थंडी-पावसात छोट्या छोट्या फेऱ्यांनीही येतो, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. पट्टी महत्त्वाची.

आणि फिल्टर कोरडा असेल तर? मग बरं वाटायला हरकत नाही. बहुतेक वेळा प्रश्न विजेचा असतो, ओल कुठेतरी घुसलेली असते. सेल्फला ‘टिक टिक टिक’ असा आवाज येतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत, तर बॅटरी उतरलीये. पावसात वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं एकदम चालू, वर ट्रॅफिकमध्ये तासभर उभे, म्हातारी बॅटरी किती पुरणार? या टिकटिकीत आणि त्या ‘कट्’मध्ये फरक आहे, पण कानावर विसंबून निर्णय घेऊ नका. आधी डबा उघडा.

गाडी सुरू होते, पण थरथरते, पिकअप घेत नाही, चढावर दम टाकते. मेकॅनिकच्या भाषेत ‘मिसिंग’ मारते. पावसाळ्यातली ही सगळ्यात कॉमन तक्रार. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही. प्लग जिथे बसतात त्या खोलगट विहिरीत पाणी साचलेलं असतं किंवा वरच्या कॉइलला बारीक चीर असते. कोरड्या दिवसांत ती चीर काही बोलत नाही, ओल आली की करंट बाजूनं पळतो. सीएनजी गाड्यांत हे लवकर जाणवतं, कारण सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते. म्हणून एक सोपी परीक्षा आहे: सीएनजीवर मिसिंग मारणारी गाडी पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर बरी चालली तर आधी प्लग-कॉइल बघायला सांगा, गॅसकिट उघडायची घाई नको.

या वेळी डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा बघायचा. तो नुसता लागलेला असेल तर लवकर दाखवून घ्या. उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं, आणि तो भाग स्वस्त नसतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर मिळतो, चौघांनी काँट्री काढली तर एका पिझ्झ्याएवढा खर्च. मोबाइलवर कोड येतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, पी ०३०० म्हणजे एका ठरावीक ठिकाणी नाही, कुठेही होतोय. समजा दुसऱ्याचा कोड आला. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड आणि बंद असताना दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी फिरवून आणायची. कोड तिसऱ्यावर गेला, तर कॉइल खराब. दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा त्याहून आतलं काहीतरी. मला हा प्रयोग भन्नाट आवडतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला निरीक्षण, अनुमान असे रकाने भरताना जे कधी कळलं नाही, ते इथे अर्ध्या तासात कळतं.

बाकी किरकोळ. पाण्यातून आल्यावर बॉनेटखालून ‘चीईई’ असा आवाज येतो तो बहुधा ओल्या पट्ट्याचा, सुकला की थांबतो, रोज यायला लागला तर पट्टा बदला. ब्रेक ओले होतात, हळू चालवत दोन-चारदा हलके दाबून सुकवायचे. आणि कृपा करून, गाडी चिखलात माखली म्हणून वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून घेऊ नका. ओढ्यानं जिथे पाणी घातलं नाही तिथे ते घालतात, आणि वर त्याचे पैसे घेतात.

‘हे सगळं आम्हाला कशाला? मेकॅनिक आहे ना!’ असं माझी रूममेट म्हणते. ती चुकीचं बोलत नाही. रॉड मी बदलणार नाहीये. पण मेकॅनिक नंतर येतो. गाडी बंद पडली तेव्हा तिथे तो नव्हता, मी होते. पाणी किती होतं, आवाज कसला आला, सेल्फ किती वेळा मारला, सुरू झाल्यावर कोणता दिवा लागला, हे सगळं फक्त मला माहीत होतं. डॉक्टरकडे गेल्यावर आपण ‘पोट दुखतंय’ एवढं सांगून गप्प बसत नाही, कधीपासून, काय खाल्लं हेही सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र ‘काय माहीत, बंद पडली’ म्हणून चावी देतो. मग मेकॅनिक अंदाजानं प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, बॅटरी बदलतो, आणि आपण बाहेर येऊन म्हणतो, लुटलं यानं.

आणि अनेकदा आपल्याला माहीत असतं, पण आपण सांगत नाही. हा माझा खरा मुद्दा आहे, आणि तो लिहायला सगळ्यात अवघड जातोय. आपण वापरतो त्या गाड्या आपल्या नसतात. पप्पांची, काकांची, दादाची. पार्किंगमध्ये घासली तर टूथपेस्ट लावून चरा लपवणारे महाभाग आमच्या ग्रुपमध्येच आहेत. चरा लपतो. इंजिनातलं पाणी लपत नाही, ते फक्त पुढच्या ड्रायव्हरच्या वाट्याला जातं. मी त्या दिवशी खरं बोलले असते तर पप्पा अर्धा तास ओरडले असते. दोन-चार वर्षं गाडीची चावी मिळाली नसती कदाचित. पण गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेली असती, आणि त्या हायवेवर त्या ट्रकच्या पुढे नसती.

घरच्यांनाही एक सांगायचंय. गाडी द्यायची आणि वर ‘काही झालं तर बघ मग’ असा दम द्यायचा, याचा परिणाम एकच होतो. काही झालं तरी पोरं सांगत नाहीत.

गॅरेजचा अनुभव हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इंजिन बांधून होत असताना मी तीन-चारदा तिथे गेले. पहिल्यांदा काकांच्या मुलानं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘पप्पा नाही आले?’’ मी म्हटलं, ‘‘गाडी मी बंद पाडली, तर मीच आले.’’ काका हसले. त्यांनी हातात वाकलेला, तुटलेला रॉड दिला. एवढासा लोखंडी तुकडा, पण जड. मग फिल्टरच्या डब्यापासून गाडीचं नाक कुठे आहे ते दाखवलं. हवा आत घेणारं तोंड आमच्या गाडीत ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या बाजूला आहे. जमिनीपासून माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. उभं पाणी गुडघ्याखाली होतं, लाट मात्र त्याच्या वर आली होती. प्रत्येक गाडीत हे तोंड वेगळ्या ठिकाणी असतं. तुमच्या गाडीत कुठे आहे? आज घरी गेल्यावर बघा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला अर्धा क्लच, रिव्हर्समध्ये आठचा आकडा, सगळं शिकवलं. पण बॉनेट एकदाही उघडलं नाही. लर्निंगच्या परीक्षेला रस्त्यावरची चिन्हं विचारली. पावसात वर्षातले चार महिने गाडी चालवणाऱ्या राज्यात, पाणी किती असलं की थांबायचं, हे विचारलं नाही.

ज्यांच्याकडे कार नाही, स्कूटर आहे, त्यांना यातलं अर्धं तसंच लागू आहे. प्लगची टोपी ओली झाली की स्कूटर मिसिंग मारते, फिल्टरमध्ये पाणी गेलं की बटण आणि किक दोन्ही बंद ठेवायचे, आणि पट्ट्याच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं तर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. हे इंजिन बिघडल्यासारखं वाटतं, पण पट्टा घसरत असतो.

आणि रील्स. पाण्यातून कार सुसाट नेणारी, दोन्ही बाजूंनी पंखांसारखं पाणी उडवणारी. त्या रील्स सुरू होतात पाण्याच्या आधी आणि संपतात पाण्यानंतर दोन सेकंदांत. बारा दिवसांनी काय झालं, ते कुणी टाकत नाही. आमच्याही त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. फरशीवर शिरतानाचा, मागे गाणं, चौघी ओरडतोय. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे, मी तो पोस्ट केला नाही आणि डिलीटही केला नाही.

यंदा जूनच्या पहिल्या पावसात सकाळी सव्वासातला पप्पांचा फोन आला. मी झोपेतच होते.

‘‘अगं, गाडी सुरू होतीय पण थरथरतीय. रात्रभर बाहेर होती पावसात.’’

‘‘पप्पा, पाण्यातून नेली होती का काल?’’

‘‘नाही गं. खरंच नाही.’’

‘‘बंद करा आधी. फिल्टरचा डबा उघडून बघा.’’

थोडा वेळ फोनवर फक्त पावसाचा आणि क्लिपा उघडल्याचा आवाज येत होता. मग आईचा आवाज, छत्री नीट धरा म्हणून. मग पप्पा म्हणाले, ‘‘कोरडा आहे.’’

‘‘मग आता कॉइलच्या खाली बघा. तिथे पाणी साचलं असेल.’’

‘‘कॉइल म्हणजे कुठली?’’

मी व्हिडिओ कॉल लावला.